लेकराचा ताप आणि नगरीचे दवाखाने

हैदराबाद नगरीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिच्या वेशी, देवड्या, बागा आणि बाजार यांविषयी पुष्कळ लिहिले आहे. तापाने फणफणलेले लेकरू खांद्यावर टाकून आई-बाप कोणत्या काळी कोणत्या दाराशी गेले, याविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. वस्तुतः घराघरांत सर्वांत अधिक वेळा घडलेला इतिहास तोच असावा. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा मागोवा घेण्याचा विचार आहे. त्याला निमित्त एका प्रश्नाचे आहे आणि त्या प्रश्नाचे मी स्वतः एकेकाळी चुकीचे उत्तर दिले होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न असा. रात्री नऊच्या सुमारास आपल्या शहरातल्या कोणत्याही मोठ्या बालरुग्णालयाच्या तातडीच्या विभागापाशी, ज्याला आपण सारे कॅज्युअल्टी म्हणतो, उभे राहून पाहावे. रिक्षा येतात, मोटारी येतात, एका दुचाकीवर चौघे येतात. उतरणाऱ्या दहा लेकरांपैकी बहुतेकांना साधा ताप, सर्दी-खोकला, जुलाब किंवा कानदुखी असते. जी व्यवस्था झटके येणाऱ्या, श्वास अडकलेल्या मुलांसाठी मांडली आहे, तिथे ही साध्या दुखण्यांची गर्दी का होते? आपल्या शहरातील सुशिक्षित माणसांचे उत्तर ठरलेले असते : ‘लोकांना समज नाही. साध्या तापाला कोणी तिकडे जाते का?’

नव्वदच्या दशकात, राज्य शासनाच्या नोकरीत असताना, हेच उत्तर मी कागदावर लिहून दिले होते. शहरातील काही बस्त्यांच्या सोयीसुविधांची पाहणी करून अहवाल देण्याचे काम माझ्याकडे आले होते. बस्तीजवळ एक छोटे आरोग्य केंद्र होते, तरी लोक मुलांना घेऊन रात्री मोठ्या दवाखान्यात जात. कारणाच्या रकान्यात मी लिहिले : ‘जनजागृतीचा अभाव.’ तो रकाना भरण्यापूर्वी एका घराच्या उंबऱ्यात बांगड्यांना खडे लावत बसलेल्या बाईला मी विचारले होते, केंद्र एवढे जवळ असताना तुम्ही दूर का जाता? तिने हातातले काम न थांबवता सांगितले, ‘साब, बुखार रात कू चढता. तुम्हारा दवाखाना दोपहर कू बंद होता.’

हे वाक्य मी ऐकले, पण लिहिले नाही. अहवालाच्या नमुन्यात त्याला जागा नव्हती, हे निमित्त झाले. खरे कारण असे की तिचे म्हणणे हे कारण असू शकते, हे मला त्या वेळी सुचलेच नाही. आज निवृत्तीनंतर जुने संदर्भ चाळताना असे दिसते की या नगरीच्या दवाखान्यांचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास त्या बाईच्या बाजूने साक्ष देतो.

आधुनिक वैद्यकाचा येथील आरंभ पुष्कळ जुना आहे. हैदराबाद मेडिकल स्कूल १८४६ मध्ये निघाले आणि डॉ. विल्यम कॅम्बेल मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली आरंभी तेथे उर्दूतून वैद्यकाचे शिक्षण दिले जाई. १८६६ मध्ये, पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत, मुसीच्या काठी अफजलगंजचा दवाखाना उभा राहिला. क्लोरोफॉर्म देऊन रुग्णाला बेशुद्ध करणे कितपत सुरक्षित आहे, याचा शोध घेणारे १८८८ आणि १८८९ मधील दोन आयोग डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने हैदराबादेतच भरले आणि त्यांची चर्चा लंडनपर्यंत झाली. म्हणजे वैद्यकीय ज्ञानात ही नगरी मागे नव्हती.

पुढे २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. अफजलगंजचा दवाखाना त्यात उद्ध्वस्त झाला. दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचवला, ही हकीकत आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे आणि ते झाड अनेकांनी पाहिलेही आहे. पुरानंतर त्याच परिसरात व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली आणि १९२० च्या दशकात ती पूर्ण झाली. त्याच सुमारास पटकी आणि प्लेग यांसारख्या साथींनी शहर हैराण झाले होते. त्यातून १९१५ मध्ये साथीच्या रुग्णांना वेगळे ठेवण्यासाठी एक रुग्णालय निघाले. ते पुढे नल्लाकुंट्याला आले. त्याचे आजचे अधिकृत नाव सर रोनाल्ड रॉस यांच्यावरून असले, तरी जुन्या हैदराबादकरांच्या तोंडी ते अजून ‘कोरंटी’च आहे. ‘क्वारंटाइन’चे आपल्या बोलीतले हे रूप.

आणि तिसरी कथा नीलोफरची. तुर्की राजघराण्यातील ही कन्या १९३१ मध्ये सातव्या निजामांचे धाकटे पुत्र मुअज्जम जाह यांच्याशी विवाह होऊन येथे आली. १९४९ मध्ये तिची रफत नावाची दासी बाळंतपणात दगावली. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर ती वाचली असती, ही खंत राजकन्येच्या मनाला लागून राहिली आणि स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय असावे, असा आग्रह तिने धरला. रेड हिल्स येथील नीलोफर रुग्णालय १९५३ मध्ये सुरू झाले. आज तेलंगणाच्या साऱ्या जिल्ह्यांतून, शिवाय बीदर-नांदेडकडूनही मुले तेथे येतात.

या तीन कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. महापूर आला आणि उस्मानिया उभे राहिले. साथी आल्या आणि कोरंटी निघाली. एका दासीचा जीव गेला आणि नीलोफर झाले. प्रत्येक मोठा दवाखाना एकेका मोठ्या आपत्तीतून जन्माला आला, आणि ते योग्यच होते. परंतु लेकराचा साधा ताप ही कोणाच्या लेखी आपत्ती नसते. तिची बातमी होत नाही, तिच्यासाठी कोनशिला बसत नाही. एक घर एक रात्र जागते, सकाळी ताप उतरतो आणि प्रकरण मिटते. म्हणून त्या तापासाठी या शहरात संस्था अशी उभी राहिलीच नाही.

मग ती उणीव इतकी वर्षे कोणी भरून काढली? येथे आपल्या जुन्या वस्त्यांचा इतिहास उपयोगी पडतो. १९३३ मध्ये रेसिडेन्सीच्या बाजारांचा ताबा निजाम सरकारकडे परत आला आणि त्या भागाला सुलतानबाजार हे नाव मिळाले. तेथून काचीगुडा, बडी चावडी, गौलीगुडा, बरकतपुऱ्यापर्यंत मराठी घरे पसरलेली होती. या साऱ्या भागात खाजगी डॉक्टर, वैद्य आणि हकीम गल्लोगल्ली होते. दवाखाना खाली आणि बिऱ्हाड वर, अशी बहुतेकांची रीत. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या दशकात, आमच्या काचीगुड्याच्या गल्लीतही असेच एक डॉक्टर होते. कंपाउंडर काचेच्या बाटलीत गुलाबी मिक्श्चर भरून देई आणि बाटलीला कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. रात्री लेकराला ताप भरला तर वडील जिन्याखाली उभे राहून हाक मारीत आणि डॉक्टर बंडी-धोतरावर खाली येत. पैसे महिनाअखेरीस किंवा जमेल तेव्हा. मुख्य म्हणजे त्यांना आम्हा भावंडांपैकी कोणाला कोणते औषध सोसत नाही, कोणाला लहानपणी झटका आला होता, हे सारे तोंडपाठ असे.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाची आणखी एक आठवण आजोबा सांगत. नांदेड, परभणीकडून मनमाडच्या मीटर गेजवरून येणारी गाडी काचीगुड्यास थांबे. आजारी मूल घेऊन आलेले नातेवाईक, कधी नुसते गाववाले, स्टेशनातून थेट आमच्या ओसरीवर येत. आजी त्यांच्यासाठी वळकटी उलगडीत असे आणि आजोबा त्या मुलाला प्रथम खालच्या डॉक्टरांना दाखवीत. ‘घरचे आहे की उस्मानियाचे आहे,’ एवढे डॉक्टर सांगत. म्हणजे हे दुखणे घरी बरे होण्यासारखे आहे, की मोठ्या दवाखान्यात न्यावे लागेल. अशी निवड करणाऱ्याला आजच्या वैद्यकात मोठे महत्त्व आहे. आपल्या गल्लीत ती उंबऱ्यावर होत होती.

अर्थात, जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्याच गल्लीत जुलाबांनी मुले दगावत, गोवराने दगावत. मीठ-साखरेच्या पाण्याने जीव वाचतो, हे तेव्हा घरोघरी ठाऊक नव्हते, लसीही आजच्यासारख्या नव्हत्या. ज्यांच्या घराखाली डॉक्टर नव्हता, अशा मुसीकाठच्या झोपड्यांचे काय होत असे, याचा विचार आमच्या घरात तरी कोणी केला नव्हता. तात्पर्य एवढेच की रात्री-अपरात्री हाक मारता येईल असा माणूस ज्यांना होता, त्यांनी मोठ्या दवाखान्याचे दार विनाकारण ठोठावले नाही.

शासनाच्या बाजूने पाहिले तर शहराकडे दुर्लक्ष झाले ते एका चांगल्या हेतूच्या सावलीत. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालातून देशाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना पुढे आली. पुढच्या काळात ही केंद्रे प्रामुख्याने खेड्यांसाठी उभारली गेली, कारण खेड्यांत काहीच नव्हते. शहरांत मोठी रुग्णालये आहेत, डॉक्टर आहेत, तेव्हा त्यांचे भागेल असे गृहीत धरले गेले. १९५१ मध्ये अकरा लाखांच्या आसपास लोकवस्ती असलेल्या हैदराबादेस ते गृहीतक कसेबसे पुरले. पुढे २००७ मध्ये भोवतालच्या बारा नगरपालिका सामावून बृहन् हैदराबाद महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती ६७ लाखांच्या वर गेली. शहर कित्येक पटींनी वाढले, पण गल्लीतला दवाखाना त्या प्रमाणात वाढला नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या लोकसंख्या प्रकल्पाच्या आठव्या टप्प्यात दिल्ली, कोलकाता व बेंगळुरूबरोबर हैदराबादचाही समावेश होता आणि त्यातून बस्त्यांजवळ छोटी आरोग्य केंद्रे झाली. मी पाहिलेले केंद्र त्याच काळातले. २००५ च्या ऑगस्टमध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा हैदराबादेत सुरू झाली आणि पुढे देशातील अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. २००७ मध्ये आरोग्यश्री योजना आली. तिने गरीब घरांना हृदयाच्या व मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी मोठ्या रुग्णालयांची दारे उघडली. पण नीट पाहिले तर या दोन्ही योजनांचा रोख पुन्हा मोठ्या संकटाकडेच होता. शस्त्रक्रिया फुकट आणि साध्या तापाची फी मात्र खिशातून, अशी विचित्र स्थिती झाली.

आता त्या बाईचे वाक्य पुन्हा वाचून पाहू. मुलांचा ताप बहुधा संध्याकाळनंतर चढतो, कारण शरीराचे उष्णतामानच मुळी दिवसाच्या उत्तरार्धात वर असते. आई-बाप कामावरून येतात तेही त्याच वेळी. सकाळी केवळ मलूल वाटणारे मूल रात्री तापलेले आढळते. सरकारी मोठ्या रुग्णालयांची ओपी सकाळी असते. त्या रांगेत चिठ्ठी काढायची तर दिवसाची मजुरी बुडते, किंवा मालकिणीची बोलणी खावी लागतात. दुपारनंतर त्याच रुग्णालयात उघडे राहणारे दार एकच, कॅज्युअल्टीचे. तेथे डॉक्टर असतो, तपासणी होते, औषध मिळते, आणि दुखणे वाढले तर खाटही तेथेच असते. खाजगी डॉक्टरकडे गेल्यास फी निराळी, रक्ताची तपासणी निराळी, औषधे निराळी, आणि शेवटी ‘नीलोफरला न्या’ असे ऐकावे लागले तर खर्च दुप्पट. डेंग्यूच्या दिवसांत तर ‘वाट पाहू’ म्हणण्याचे धैर्य डॉक्टरलाही होत नाही, मग आईला कसे व्हावे? पदवी नसताना सुई टोचणारा बस्तीतला ‘आरएमपी’ हा एकच पर्याय उरतो. त्याच्यापेक्षा नीलोफरची रांग धरणारी आई अधिक समंजस, असेच म्हणावे लागेल.

आपल्या देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक प्रश्न विचारला जातो : तुमचे कुटुंब सरकारी दवाखान्यात का जात नाही? नोंदवायची उत्तरे अशी असतात : जवळ सोय नाही, वेळ सोयीची नाही, कर्मचारी बहुधा हजर नसतात, फार वेळ थांबावे लागते, उपचारांचा दर्जा चांगला नाही. या यादीत ‘लोकांना समज नाही’ असे उत्तर नाही. मी भरलेल्या रकान्यापेक्षा ही प्रश्नावली शहाणी म्हटली पाहिजे.

हा प्रश्न केवळ आपल्या बस्त्यांचा आहे, असेही नाही. आपल्यापैकी कित्येकांची मुले अमेरिकेत आहेत. तेथे १९८६ च्या एका कायद्यान्वये इमर्जन्सी रूममध्ये आलेल्या कोणालाही, पैसे देण्याची ऐपत न विचारता, तपासावेच लागते. विमा नसलेल्या किंवा डॉक्टरची वेळ न मिळालेल्या घरांनी मुलांच्या कानदुखीसाठी तेच दार धरले, याचे नवल नाही. तेथेही प्रथम आई-बापांनाच दोष दिला गेला. हॉलंडने वेगळा मार्ग काढला. तेथे २००० सालाच्या सुमारास कुटुंब-डॉक्टरांनी एकत्र येऊन रात्री व सुट्टीच्या दिवशी चालणारी सामायिक केंद्रे काढली. लेकरू आजारी पडले की आधी तेथे दूरध्वनी करायचा. घरीच काय करायचे, केंद्रावर यायचे की सरळ रुग्णालयात जायचे, हे तेथून सांगितले जाते. आमच्या गल्लीतले डॉक्टर जिन्याखाली जे सांगत, तेच काम तेथे व्यवस्थेने केले.

आपल्याकडेही पावले पडली आहेत. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाला मंजुरी मिळाली आणि शहरी प्राथमिक केंद्रांत संध्याकाळची ओपी असावी, हे त्याच्या आराखड्यात स्पष्ट म्हटले गेले. २०१८ च्या एप्रिलपासून हैदराबादेत बस्ती दवाखाने सुरू झाले. एक डॉक्टर, एक परिचारिका, एक मदतनीस, मोफत औषधे आणि तपासण्या. पाच ते दहा हजार वस्तीमागे एक दवाखाना, ही कल्पना फार मोलाची आहे आणि दिवसा घरी असणाऱ्या स्त्रियांना व वृद्धांना तिचा उपयोगही झाला. परंतु वेळ ठरली ती सकाळी नऊ ते दुपारी चार. २०२२ च्या अखेरीस मुंबईत ‘आपला दवाखाना’ निघाला, तेव्हा त्याची वेळ सकाळी सात ते दुपारी दोन आणि दुपारी तीन ते रात्री दहा अशी ठेवली गेली. कल्पना दोन्हीकडे एकच, पण घड्याळे निराळी. साहेब मंडळींना घड्याळ ही किरकोळ बाब वाटते, पण रोजावर जाणाऱ्या आईच्या दृष्टीने दवाखाना असणे-नसणे त्या घड्याळावरच ठरते.

आता थोडे स्वतःविषयी लिहितो, कारण येथवर वाचून ‘हा गरिबांचा प्रश्न आहे’ असे कोणास वाटण्याचा संभव आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझा साडेतीन वर्षांचा नातू शनिवारी रात्री तापला. मुलगी आणि जावई दोघेही नोकरीत, राहणे शहराच्या पश्चिमेकडील बाविसाव्या मजल्यावर. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना सोमवारी उघडणार. मुलगी म्हणाली, ‘बाबा, थांबायचे की न्यायचे?’ मला सांगता येईना. ही घाबरली होती. आम्ही त्याला एका मोठ्या खाजगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले. तेथल्या तरुण डॉक्टरने मागचे वजन, मागच्या लसी, मागची औषधे विचारली. फाईल घरी राहिली होती. मुलाविषयी काहीच माहीत नसल्यामुळे त्याने सावधपणे सगळ्या तपासण्या लिहिल्या. त्यात त्याचे काय चुकले? तेवढ्यात एका आईने झटके येत असलेले मूल आत आणले आणि डॉक्टर आम्हाला तसेच सोडून तिकडे धावले. पडद्यापलीकडून त्या आईचा आवाज येत होता. नातवाचा ताप पॅरासिटॅमॉलने उतरू लागला होता आणि तो बिस्किट मागत होता.

मी त्या बाकावर बसलो होतो आणि तीस वर्षांपूर्वी भरलेला रकाना माझ्या डोळ्यांपुढे आला. त्या रात्री कोणी पाहणी करणारा अधिकारी तेथे आला असता, तर माझ्या नावापुढे त्याने काय लिहिले असते? जनजागृतीचा अभाव? पदवीधर, निवृत्त शासकीय अधिकारी, घरात दोन अभियंते. आम्हाला समज होती. आमच्यापाशी जिन्याखालून हाक मारता येईल असा डॉक्टर नव्हता, एवढेच. पाणी चढत असताना दवाखान्याच्या आवारातील चिंचेवर चढलेल्या माणसांना, ‘हे झाड त्यासाठी नव्हे,’ असे कोणी म्हणत नाही.

म्हणून यावरचा उपाय लोकांना दटावण्याने होणार नाही. तो दोन गोष्टींनी होईल. पहिली, मुलाचा ताप चढतो त्या वेळी उघडे असलेले जवळचे दार. दुसरी, त्या मुलाची आठवण ठेवणारा माणूस, निदान आठवण ठेवणारी वही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९६७ मध्ये ‘वैद्यकीय घर’ असा शब्द वापरला, तेव्हा त्याचा मूळ अर्थ मुलाच्या साऱ्या नोंदी एका जागी असणे, एवढाच होता. ‘घर’ हा शब्द मला फार समर्पक वाटतो. कॅज्युअल्टीत मुलाला उपचार मिळतात, पण तेथे त्याला कोणी ओळखत नाही. दर वेळी ते नवेच असते.

शासनाने वेळा बदलाव्यात, याचा पाठपुरावा आपण करूच. पण आपल्या समाजालाही काही करण्यासारखे आहे. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा आणि १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करणाऱ्या पिढीने सरकारची वाट पाहिली नव्हती. आज आपल्या कुटुंबांत निवृत्त डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, आणि संध्याकाळी रिकामी असणारी सभागृहे आहेत. आठवड्यातून काही दिवस संध्याकाळी सात ते नऊ एक डॉक्टर बसले, सोबत एक दूरध्वनी आणि प्रत्येक मुलामागे एक वही ठेवली, तर जुन्या वस्तीतल्या पन्नास घरांची तरी रात्रीची धावपळ वाचेल. तेथे मराठी, तेलुगु, उर्दू असा भेद असू नये. तापाला तो नसतो.

आणि तोपर्यंत प्रत्येक आजी-आजोबांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मुलाला श्वास घेताना कष्ट होत असतील, झटका आला असेल, ते शुद्धीवर नसेल, हातपाय गार पडले असतील, दूध-पाणीही पोटात ठरत नसेल किंवा तान्हे तीन महिन्यांच्या आतले असून त्याला ताप असेल, तर क्षणाचाही विचार न करता मोठ्या दवाखान्याकडे निघावे. १०८ ला बोलवावे. रात्र असो, पाऊस असो. तेथील दार त्यासाठीच आहे. हे नसेल आणि मूल खेळत, पाणी पीत असेल, तर सकाळपर्यंत थांबता येईल का, हे ओळखीच्या डॉक्टरला विचारून ठरवावे. असा ओळखीचा डॉक्टर नसेल, तर तो मूल बरे असतानाच शोधून ठेवावा आणि फाईल दाराजवळ ठेवावी. आम्ही आता ठेवतो.

त्या बस्तीत मी पुन्हा गेलो नाही. बांगड्यांना खडे लावणाऱ्या त्या बाईची मुले आता स्वतः आई-बाप झाली असतील. तिचे वाक्य सरकारी कागदात यायचे राहिले. ते निदान या पानावर तरी नोंदवले जावे, एवढ्यासाठी हे लिहिले.